अण्णांचं तिसरं प्रकरण

४ जानेवारी

प्रिय ताई,

आधी नमस्कार, मग कामाचं. उलट केलं तर तू दुसरा परिच्छेद वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

बातमी चांगली आहे. आपले अण्णा पुन्हा छापले जाणार आहेत. शिक्षण खात्याला कॉलेजच्या मुलांसाठी छोट्या पुस्तकांची एक माला काढायची आहे आणि त्यात त्यांनी आपणहून अण्णांचं नाव सुचवलं. मी सुचवलेलं नाही, हे आईला मुद्दाम सांग, नाहीतर ती म्हणेल पोरानं वशिला लावला. खरं सांग, 'मत आणि कारण' हा अण्णांचा ग्रंथ आपल्या घराबाहेर किती जणांनी पुरता वाचला असेल? चारशेच्या वर पानं, आणि एकेक वाक्य असं की वाचणाऱ्याला धाप लागावी. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रतीची निम्मी पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मीच ती सुरीनं सोडवली. वडिलांचं पुस्तक असं सोडवताना कसं वाटतं ते लिहीत बसत नाही.

मालेतलं पुस्तक लहान असायला हवं, म्हणून मी तिसरं प्रकरण निवडलं आहे. अख्ख्या ग्रंथात तेवढंच एका दमात वाचून होतं. मी वर्गात ते वाचून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. प्रस्तावना मी लिहितोय. हक्क आई, तू आणि मी अशा तिघांच्या नावावर असल्यामुळे सोबतच्या कागदावर तुम्हा दोघींच्या सह्या हव्यात.

आणखी एक. सरकारनं मतदान सुधारणा समिती नेमली आहे, तिच्यावर मला घेतलंय. बैठका, चहा आणि बिस्किटं यापलीकडे काही होईल असं वाटत नाही. आईच्या गुडघ्यांचं कळव. दुकान कसं चाललंय?

तुझा,
भिंगऱ्या

१७ जानेवारी

भिंगऱ्या,

समितीवर गेलास तरी माझ्या लेखी तू भिंगऱ्याच. एका जागी बूड न टेकणाऱ्या पोराला दिवसदिवसभर बैठकीला बसवणारं सरकार मला बघायचंय.

सह्या पाठवतेय. आईनं सही दुकानातच केली, माझ्या काउंटरवर. आधी चष्मा पुसून मागितला, मग पेन बदलून मागितलं, मग खुर्ची उंच नाही म्हणाली. एक गिऱ्हाईक फ्रेमचा स्क्रू बसवून घ्यायला थांबलं होतं, त्याला तिनं सगळं ऐकवलं: माझ्या मालकांचं पुस्तक आता कॉलेजात लावणार आहेत. लावणार नाहीत, छापणार आहेत, असं मी म्हटलं तर म्हणाली, "तू काचा घास." तिला एवढं खुशीत मी अण्णा गेल्यापासून पाहिलेलं नाही. त्याबद्दल तुझे सगळे गुन्हे माफ.

त्याच गिऱ्हाइकाला तिनं सायकलची गोष्टही सांगितली. अण्णांचा पक्ष एक आणि आईचा नेमका समोरचा, आणि तरी दर निवडणुकीला अण्णा तिला मागे बसवून मतदानाला न्यायचे. वाटेत शेजारी हसायचे, की मास्तर, स्वतःचं मत खोडायला स्वतःच पायडल मारताय. अण्णा म्हणायचे, समोरच्या पारड्यात कुणी नसेल तर माझ्या मताला वजन कसलं? परत येताना दोघं भांडत यायची ती जेवणं होईपर्यंत. गिऱ्हाईक स्क्रू विसरून ऐकत बसलं. मलाही मध्येच हात आवरता घ्यावा लागला.

एकच सांगायचं होतं. तिसरं प्रकरण म्हणजे अण्णांचा पूर्वपक्ष, समोरच्याची बाजू. तुला मी काय सांगणार, पण त्यांची खोड तुला माहीत आहे. विरोधकाचं म्हणणं मांडायचं तर ते त्याच्या अंगात शिरून मांडायचे, 'मी म्हणतो, मी म्हणतो' करत, आणि हे माझं म्हणणं नाही हे पुढचं प्रकरण लागेपर्यंत सांगायचे नाहीत. उत्तर चौथ्यात आहे. जागा असेल तर चौथंही घाल. नसेल तर निदान सुरुवातीला ठळक टीप दे, म्हणजे मुलांचा घोटाळा व्हायला नको. बाकी तू शहाणा आहेस.

आईचे गुडघे जिन्याला शिव्या देतात, एरवी बरे आहेत.

ताई

२८ मार्च

प्रिय ताई,

पुस्तकाच्या पाच प्रती पाठवल्या आहेत, मिळाल्या असतील. मुखपृष्ठ मलाही आवडलेलं नाही. अण्णांचा तो फोटो खात्याकडे कुठून आला कोण जाणे. त्यात ते कुणाला तरी रागावल्यासारखे दिसतात. पण आईला अक्षर मोठं हवं म्हणून मी छापखान्यात हट्ट धरला. तिला भिंगाशिवाय वाचता येईल.

पुस्तकाचं काय झालंय ते तुला तिकडे बसून कळणार नाही. पहिली आवृत्ती संपलीसुद्धा. मंत्री भाषणात अण्णांचं वाक्य म्हणतात, वर्तमानपत्रं चौकटीत छापतात: 'ज्याला आपल्या मताचं कारण देता येत नाही, त्याचं मत हे मत नव्हे, तो नुसता आवाज आहे, आणि आवाज मोजून राज्य चालवू नये.' परवा बसमध्ये दोन मुली या वाक्यावर वाद घालत होत्या. मी दोन थांबे पुढे गेलो, पण उतरलो नाही. आयुष्यभर तळघरातल्या वर्गात दहा-बारा टाळकी समोर घेऊन बोललेल्या माणसाच्या वाक्यावर पोरी बसमध्ये भांडतायत, ताई.

टीप राहिली. मी दिली होती, पण शेवटच्या फेरीत पानं वाढत होती म्हणून खात्यानं ती काढली, आणि मला कळलं तेव्हा छपाई झालेली होती. दुसऱ्या आवृत्तीत बघू. तसंही प्रस्तावनेत मी ग्रंथाच्या एकूण रचनेबद्दल लिहिलं आहे. लक्षपूर्वक वाचणाऱ्याला कळतं.

समितीचं काम मात्र वाटलं होतं त्यापेक्षा गंभीर निघालं.

तुझा,
भिंगऱ्या

१० एप्रिल

भिंगऱ्या,

लक्षपूर्वक वाचणाऱ्याला. तुझी प्रस्तावना मी दोनदा वाचली आणि मला कळलं नाही, आणि मी त्या माणसाची मुलगी आहे.

काल पाण्याच्या बिलाचं विचारायला नगरपालिकेत गेले होते. रांग जिथून सुरू होते त्या भिंतीवर निळ्या रंगात अण्णांचं वाक्य रंगवलंय, खाली त्यांचं नाव. माझ्यापुढे एक म्हातारा उभा होता. कारकुनानं त्याला विचारलं, काय तक्रार आहे? तो म्हणाला, पाणी येत नाही. का येत नाही? मला काय माहीत, म्हणाला बिचारा. कारकुनानं पेन वर करून भिंत दाखवली आणि मागची रांग हसली. म्हाताराही हसला, उगीच, सगळे हसतात म्हणून. मी अण्णांची मुलगी आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून सुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या दुकानात रोज माणसं येतात आणि म्हणतात, दिसत नाही. मी त्यांना का दिसत नाही असं विचारत नाही. का ते शोधायचं काम माझं. तक्त्यासमोर बसवते, काच बदलून बदलून बघते, आणि कुणी नापास होत नाही, प्रत्येकाचा काही ना काही नंबर निघतो. अण्णांचं चौथं प्रकरण दुसरं काय सांगतं? 'दुखतं त्यानं नुसतं ओरडावं, एवढा त्याला हक्क आहे. कारण शोधायचा बोजा ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर.' हे वाक्य अख्ख्या देशात कुठल्या भिंतीवर आहे, दाखव मला.

आई रोज मागे लागते, वाचून दाखव म्हणून. कामाचं निमित्त करून मी टाळतेय. ती आहे स्वाभिमानी. तिनं आयुष्यात मताचं कारण दिलं असेल तर फक्त अण्णांना, तेही भांडणात. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा चौथं प्रकरण त्यात असेल, असं मला लिहून दे. तोंडी आश्वासनं तुझ्या समितीत वाट.

ताई

२ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. राग आला, मग गेला. आता शांतपणे लिहितो.

तिसरं प्रकरण पूर्वपक्ष म्हणून लिहिलं गेलं, हे मला कबूल आहे. पण लेखक काय म्हणून लिहितो आणि लिहिता लिहिता काय होऊन बसतं, यात फरक असतो. तिसरं आणि चौथं शेजारी ठेवून बघ. तिसऱ्यात अण्णा कुठेही अडखळत नाहीत. चौथ्यात पानापानावर 'तरीही', 'कदाचित', 'असं मानायला हरकत नसावी'. आमच्या क्षेत्रात आता बहुतेकांचं मत असं आहे, आणि ते माझ्या एकट्याचं नाही, की चौथं प्रकरण हा त्यांचा संकोच होता. माणूस सर्वांत चांगलं जिथे लिहितो तिथे तो खरा असतो. त्या काळात हे उघड म्हणणं अवघड होतं, म्हणून त्यांनी ते दुसऱ्याच्या तोंडी घातलं.

आणि त्यांचं शेवटचं वर्ष तू विसरलीस का? नगरपालिकेच्या निवडणुकीत तो दारूवाला निवडून आला त्या संध्याकाळी ते दारात उभे राहून काय म्हणाले होते? 'या लोकांच्या हाती मत देऊन आपण काय मिळवलं.' तू तिथे होतीस, मीही होतो.

समितीचा अहवाल गेला आहे. मतदाराला एक छोटी, सन्मानाची चाचणी द्यावी लागेल. समोर एक प्रश्न ठेवतील, त्यावर आपलं मत आणि त्याची दोन कारणं सांगायची, बस. यात अपमान कसला? मी तर म्हणेन यातून लोक विचार करायला शिकतील, आणि अण्णांना दुसरं काय हवं होतं?

आईची काळजी करू नकोस. ज्यांच्या घराण्यानं या विचाराला जन्म दिला त्यांना सन्मान म्हणून सूट द्यायची असं ठरतंय. तिला चाचणी द्यावी लागणार नाही.

तुझा,
भिंगऱ्या

१९ ऑगस्ट

भिंगऱ्या,

मध्ये लिहिलं नाही. कायदा झाला तो वर्तमानपत्रात वाचला, त्यावर तुला काय लिहिणार. अण्णा दारात उभे राहून ते बोलले, बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारूवाल्याच्या पहिल्या सभेला जाऊन मागच्या रांगेत बसले आणि नळाबद्दल दोन तास भांडून आले, हे तू तुझ्या क्षेत्रातल्या लोकांना सांगितलंस का? तू त्या रात्रीच परत गेला होतास.

पण आज ते सगळं बाजूला. आईबद्दल लिहायचंय.

तुझं सन्मानपत्र आलं, सूट असल्याचं. शिपायानं आणून दिलं. आईनं ते दिव्याखाली धरून वाचलं आणि मला म्हणाली, "मला का सूट? मी काय आजारी आहे?" मी म्हटलं, अण्णांमुळे. तर म्हणाली, "ह्यांच्या नावावर मी आजवर एक मत टाकलेलं नाही." मला तेव्हा हसू आलं. तिनं कागद घडी करून ठेवला आणि सोमवारी माझ्याआधी तयार होऊन बसली. चाचणी द्यायचीच म्हणाली. मी हो म्हटलं, कारण तिच्याइतकं तोंड चालवणारी बाई मी पाहिलेली नाही. अण्णा तिच्यापुढे हात टेकायचे. मला वाटलं, तिथल्या लोकांचीच गंमत होईल.

शाळेच्या वर्गात चाचणी होती. बाक लहान मुलांचे, तिचे गुडघे आत जाईनात, म्हणून आडवी बसली. समोर एक तरुण बाई होती. वाईट नव्हती, खरंच. आईला पाणी दिलं, मोठ्यानं आणि हळू बोलली. प्रश्न असा होता: गावात एकच गोष्ट बांधता येईल, पूल की दवाखाना, तुमचं मत काय? आई लगेच म्हणाली, दवाखाना. कारण? "जवळ असला की बरं असतं." बाईनं लिहून घेतलं. दुसरं कारण?

आणि भिंगऱ्या, आई गप्प बसली. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, बोलायची परवानगी नव्हती. मी तिची मान बघत होते. तिनं चष्मा काढला, पुसला, घातला. बाई म्हणाली, आजी, सावकाश. आई म्हणाली, "आधीचंच पुन्हा सांगू का?" बाई म्हणाली, ते चालत नाही. मग टेबलावरची घंटा झाली. आई त्या बाईला म्हणाली, "तुम्हीच सांगा ना एखादं." शेजारच्या बाकावर एक माणूस खुदकन हसला. बाईनं कागदावर शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी आईला दिला.

घराचा जिना चढताना तिला दुसरं कारण सुचलं. मध्येच थांबून कठड्याला धरून म्हणाली, "अगं, पुलावरून पलीकडच्या दवाखान्यात जाईपर्यंतच माणूस मरतं. माझी बहीण तशीच गेली की." आणि मागे वळली, परत जाऊन सांगते म्हणाली. मी तिला धरून वर आणलं. चाचणी दिली की सूट संपते आणि फेरचाचणी पाच वर्षांनी असते, हे तुझ्याच अहवालात आहे. पाच वर्षांनी आई कुठे असेल, तूच सांग.

त्या रात्रीपासून ती पुस्तक वाचतेय. तुझं मोठ्या अक्षराचं. बोट ठेवून, एकेक ओळ. मी हिसकावून घेऊ शकले नाही. वाचून संपलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मग ते मला सायकलवरून न्यायचे ते कशाला गं? गंमत म्हणून?"

मी तिला चौथं प्रकरण वाचून दाखवलं, सगळं, घसा बसेपर्यंत. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं असणार. तिसरं खरं. तुझ्या प्रस्तावनेवर तिचा विश्वास आहे, कारण तू शिकलेला आहेस आणि तू त्यांचा विद्यार्थीही होतास. मी काय, चष्मेवाली.

कायदा बदल असं मी म्हणत नाही, ते तुझ्या हातात राहिलेलं नाही हे मला कळतं. माझं मागणं एवढंच आहे. तिला तुझ्या हातानं दोन ओळी लिही, की तिसरं प्रकरण अण्णांचं मत नव्हे, मी चुकीचं सांगितलं. तिला मत परत मिळणार नाही. पण चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस तरी परत मिळू दे.

ताई

२७ ऑगस्ट

ताई,

तू सांगायला हवं होतंस. सूट असताना तिला तिथे नेलंसच का?

रागावू नकोस. मीही झोपलेलो नाही. ते वाक्य सारखं कानात वाजतंय, तुम्हीच सांगा ना एखादं.

दोन ओळींचं अवघड आहे. माझ्या हस्ताक्षरातला असा कागद बाहेर गेला तर काय होईल, तुला कल्पना नाही. काही लोक त्याचीच वाट बघत आहेत. समितीचं नाव जाईल, विद्यापीठातली जागा जाईल, आणि कायदा तसाच राहील, मग उपयोग काय? आई तो कागद उशाखाली ठेवेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवेल, तुला माहीत आहे ती कशी आहे.

मी स्वतः येतो. समोर बसून सांगतो. आणि ऐक, हे मी तिचं समाधान करायला सांगणार नाही. गेले काही दिवस मी चौथं प्रकरण पुन्हा काढून बसलोय. त्यातले 'कदाचित' मी आजवर भीतीचे समजत होतो. मला आता तसं वाटत नाही. ज्याला दुसऱ्याचं ऐकायचंय तो माणूस तसंच लिहितो. तुझं बरोबर होतं. पण हे पत्र फाडून टाक.

भिंगऱ्या

१ सप्टेंबर

फाडलं. ये. पण लवकर ये, तिनं जेवण कमी केलंय. येताना तुझा तो समितीचा बिल्ला कोटावर लावून येऊ नकोस.

ताई

२२ सप्टेंबर

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा गाडीतच संपवला.

तुझे आभार कसे मानू ते कळत नाही. किती महिन्यांनी मी रात्रभर गाढ झोपलो. तू दुकानात गेलीस तेव्हा मी आईच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. म्हटलं, आई, मी चुकलो. अण्णांनी ते दुसऱ्याचं म्हणून लिहिलं होतं आणि मी ते त्यांचं म्हणून खपवलं, कारण त्यावर माझं नाव झालं. त्यांना तुझं मत हवं होतं, तू त्यांच्याविरुद्ध दिलेलं प्रत्येक मत हवं होतं. मला रडू फुटलं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "कळलं रे बाळा. बरं वाटलं ऐकून." अगदी असं म्हणाली. आणि हसली. मग मला विचारलं, चहा टाकू का.

तिला पटलं, ताई. एवढं तरी माझ्या हातून झालं. बाहेर जे झालं ते निस्तरण्याएवढी ताकद माझ्यात नाही आणि आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थही नाही. पण घरात तरी अण्णा जागेवर आले.

निवडणूक जवळ आली. त्या दिवशी तिला एकटीला ठेवू नकोस.

तुझा,
भिंगऱ्या

१५ नोव्हेंबर

भिंगऱ्या,

हे पत्र लिहू की नको असं पुष्कळ दिवस चाललं होतं. तू गाढ झोपलास म्हणून लिहिलंस, ते वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. पण आईनं निरोप सांगितलाय आणि तिचा निरोप गिळून टाकायचा मला अधिकार नाही.

तू गेलास त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, आता पटलं ना? ती गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "पोरगं गुणी आहे. माझ्यासाठी स्वतःला खोटं ठरवून गेलं." मी म्हटलं, आई, तो खरं बोलला. तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण लहानपणी भूत पाहिलं म्हणून सांगत आलो की अण्णा बघायचे. म्हणाली, "ह्यांनी मला एक गोष्ट शिकवली. जे ऐकून आपल्याला बरं वाटतं ते दुप्पट तपासून घ्यायचं. मला फार बरं वाटलं ना गं. म्हणूनच मी धरून ठेवलं नाही."

मी त्यानंतर नाना प्रकारे सांगून बघितलं. चिडले, रडले, ग्रंथ समोर आपटला. मी जितकी तळमळून सांगते तितकी तिची खात्री होते की आपण दोघं संगनमतानं तिला जपतोय. तू रडलास तेही तिनं हिशेबात धरलंय. पुस्तकात लिहिताना तो रडत नव्हता, म्हणते. अण्णांच्याच शिकवणुकीनं ती अण्णांना नाकारून बसली आहे आणि ती शिकवणूक चूक आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

काल मतदान झालं. सवयीनं तीही पहाटे उठली, आंघोळ केली, वेणी घातली आणि मग आठवण झाल्यासारखी पलंगावर जाऊन बसली. मी चाचणीत पास आहे. मला जावंसं वाटत नव्हतं, तसं मी तिला सांगितलं. तिनं मला जवळजवळ ढकलून बाहेर काढलं. म्हणाली, "तुझं चालतं ना, मग जा." शाळेत रांग अशी नव्हतीच. एका वर्गातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. मी आईच्या पक्षाला मत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं काही होणार नव्हतं हे मला माहीत होतं.

घरी आले तेव्हा तिनं कुणाला दिलंस असं विचारलं नाही. आधी विचारायची, भांडण उकरून काढायला. आता तिनं भांडणच सोडून दिलंय. दिवसभर खिडकीशी बसून असते, सांगितलं की जेवते, आणि मी काही बोलले की मान डोलावते. भिंगऱ्या, आपली आई मान डोलावते.

रात्री दिवा मालवताना तिनं तुझ्यासाठी निरोप सांगितला. तिच्याच शब्दांत देते, माझा एकही शब्द त्यात नाही:

"त्याला लिही, मी रागावलेली नाही. आईला वाईट वाटेल म्हणून पुस्तकात त्यानं खरं लपवलं नाही, ह्याचा मला अभिमान आहे. अगदी ह्यांच्यावर गेलाय."

ताई